साळवेबाईंनी ऐकून घेतलेलं ‘नाही’

फोन सुरतहून माझ्या भावाचा होता. “रूथ, साळवेबाई गेल्या गं...” एवढंच तो बोलू शकला. कणकेचे हात तसेच घेऊन मी खाली बसले. देवाशी भांडण झाल्यावरही ज्यांच्यामुळे मी चर्चमध्ये बसू शकले, त्या बाई गेल्या होत्या.

सुरतेच्या लिंबायत भागातल्या आमच्या छोट्या चर्चमध्ये बाई रविवारची शाळा घेत. मूळच्या जालन्याच्या, एकट्या राहणाऱ्या, पेशानं शिक्षिका. आम्ही बहुतेक खानदेशातून लूमवर, म्हणजे यंत्रमागांवर, कामाला आलेल्यांची पोरं. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती-हिंदी आणि प्रार्थना मात्र बाईंच्या मराठीत. चौऱ्याण्णवच्या प्लेगात सारं शहर स्टेशनकडे पळत सुटलं, तेव्हा आम्हाला निघता आलं नाही, कारण आप्पा, माझे वडील, तापानं फणफणले होते. आमच्या ओट्याजवळून जायलाही शेजारी घाबरत. बाई तोंडाला रुमाल बांधून आल्या, आप्पांना रिक्षात घालून इस्पितळात पोचवून आल्या, आणि गल्लीत उरलेल्या आम्हा मुलांना गोळा करून प्रार्थनेला बसल्या. “मागा रे बाळांनो, देव लेकरांचं ऐकतो.” मी डोळे इतके घट्ट मिटले की दुखायला लागले... दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा गेले.

पुढच्या ईस्टरच्या सुमारास माझ्या वयाच्या मुलांचं दृढीकरण होतं. म्हणजे मंडळीसमोर उभं राहून, माझा विश्वास आहे, असं ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं सांगायचं. आईनं माझ्यासाठी पांढरा ड्रेस शिवून घेतला होता. रांगेतली मुलं एकेक करून ‘हो’ म्हणत होती. पाळकसाहेबांनी, आमच्या धर्मगुरूंनी, मला विचारलं. मी म्हणाले, “नाही.”

त्यांना वाटलं, मी गोंधळले. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणाले. पहिल्या बाकावरून आई रडवेल्या आवाजात म्हणाली, “पोरी, लोके काय म्हनतीन वं?” तेवढ्यात चर्चचा कारभार पाहणारे एक पंच ताडकन उठले. “साळवेबाई, हेच शिकवलंत का मुलांना?”

बाई मागून चालत आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. “देवासमोर खोटं बोलायचं नाही, हे मीच शिकवलं,” त्या म्हणाल्या. “चुकलं असेल तर माझं चुकलं. देव ऐकतो, एवढंच मी हिला सांगितलं. त्यानं ऐकूनही आपलं माणूस जातं, हे सांगायचा मला धीर झाला नाही.”

पाळकसाहेबांनी मान खाली घातली आणि पुढच्या मुलाकडे वळले. त्याच आठवड्यात पंचमंडळींनी बाईंकडून वर्ग काढून घेतला. माझ्यामुळे... पण तसं त्यांनी मला एकदाही जाणवू दिलं नाही. शनिवारी दुपारी त्या आपल्या खोलीत सतरंजी अंथरून बसू लागल्या. ज्याला यायचं त्यानं यावं. मी पहिल्यांदा गेले ती रागानंच, त्यांना बोल लावायला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आप्पांवरून मीही देवाशी भांडतेच आहे गं. पण भांडायला तरी समोर कुणी लागतं ना?” मग चहा टाकला. त्या दिवशी आम्ही प्रार्थना केली नाही. तरी पुढच्या शनिवारी मी गेले, आणि त्याच्या पुढच्याही.

कॉलेजात जायला लागल्यावर मी आपणहून पाळकसाहेबांकडे गेले. या वेळी ‘हो’ म्हणताना माझाच आवाज मला ओळखू येईना. बाहेर आल्यावर बाईंनी डोळे पुसले, माझी ओढणी सारखी केली आणि हळूच म्हणाल्या, “उद्या पुन्हा डळमळलीस, तरी येत जा.”

गेल्या शनिवारी सुरतला गेले होते. बाईंची खोली त्यांच्या भाचीनं अजून सोडलेली नाही. जिन्यावरूनच मुलांचा गलका ऐकू आला. आत एक मुलगा गुडघ्यांवर उभा राहून तावातावानं विचारत होता, “वैऱ्यावर प्रेम करायचं, म्हणजे त्याचा मारपण खायचा का?” मुलं वाद घालत एकमेकांवर तुटून पडली होती. भाची भिंतीला टेकून ऐकत होती, उत्तराची घाई करत नव्हती.

मी चपला काढल्या आणि सतरंजीच्या कडेला बसले.