तक्रारवाल्या बाईंचा नंबर

कवळीकाका आयुष्यात दोनच गोष्टींना घाबरायचे. एक बायकोचं गप्प बसणं, दुसरा टेबलावरचा फोन. बायको निदान दोन दिवसांनी बोलायची तरी! काका कामाला होते त्या कवळ्या बनवणाऱ्या वर्कशॉपात मात्र फोन यायचा तो तक्रारीचाच. प्रत्येक कारागिराला दातांचे पाच-सहा दवाखाने वाटून दिलेले, आणि आपल्या दवाखान्याची बोलणी आपणच खायची, हा मालकाचा शिरस्ता. काकांच्या वाट्याच्या दवाखान्यांत सगळ्यात कडक होत्या एक डॉक्टरीणबाई. नऊ वर्षांत त्यांचं तोंड काकांनी पाहिलं नव्हतं, पण आवाज ऐकला की हा माणूस खुर्ची सारून उभा राहायचा.

अशात एका सोमवारी मालकाने सांगून टाकलं, "पुढच्या महिन्यापासून दात यंत्रावर कापणार. तुम्ही चौघं दुसरीकडे बघा."

चौघं म्हणजे काका आणि त्यांचे तीन जिवलग. बावीस वर्षं एकाच टेबलाला चिकटलेले. एकमेकांची दुखणी, व्याह्यांची भांडणं, सगळं तोंडपाठ. पण काम कुठे मिळेल विचाराल, तर चौघांना मिळून तीनच वर्कशॉपं माहीत, तीही तीच ती! चौघं त्याच दारांवर जाऊन तोच नकार घेऊन आले.

काकांचं धाबं दणाणलं. चौपन्नाव्या वर्षी आपल्याला येतं काय? मेण, प्लास्टर आणि दुसऱ्यांचे जबडे! धाकटीच्या शिक्षणाची अजून दोन वर्षं बाकी.

"त्या बाईंना करा ना फोन," बायको म्हणाली.

"वेडी आहेस का? खाऊन टाकतील मला!"

"अहो, कामावरून काढलेल्या माणसाचं त्या आणखी काय वाकडं करणार?"

दुपारी काकांनी फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा नंबर फिरवला आणि वर्कशॉपाचं नाव सांगितलं.

"मागचे दात उंच ठेवणारे तुम्हीच ना?" पलीकडून तोच आवाज.

काकांची पाचावर धारण बसली. पाठ केलेली वाक्यं पार उडाली. "हो बाई, चुकलंच. माझं काम गेलंय," एवढंच कसंबसं बाहेर पडलं.

बाई म्हणाल्या, "तुम्ही निदान दुरुस्त करून पाठवता. बाकीच्या वर्कशॉपवाल्यांना मी सांगणंच सोडलंय. माझा चुलत दीर दातांच्या कॉलेजात आहे. मुलांना हाताचं काम शिकवायला त्याला माणूस मिळत नाहीये. गुरुवारी जाऊन भेटा. आणि नाव काय हो तुमचं?"

गुरुवारी काका गेले आणि काम घेऊनच परतले. चाळीस पोरांपुढे तोंड उघडायचं, या विचाराने पुन्हा घाम फुटलाच म्हणा. पण शुक्रवारी टेबलाशी बसून त्यांनी तिघांना सगळं सांगितलं. "तुम्हीही करा आपापल्या तक्रारवाल्यांना फोन."

तिघांचे चेहरे पांढरेफटक पडले. त्यातला थोरला म्हणजे मालकाला तोंडावर चार शब्द सुनावणारा. त्याने फोन काकांकडे सरकवला.

"नंबर तूच लाव," तो म्हणाला. "आणि माझं बोलून होईपर्यंत शेजारून हलू नकोस रे बाबा."