गाडीची झूल

"ओलं हाय तोवर आपलं हाय, बाबूजी. वाळलं का गेलं."

एवढं बोलून आमचा ड्रायव्हर गाडीच्या बॉनेटवर पाण्यात भिजवलेला रुईचा बोळा ठेवायचा आणि हात मागे बांधून उभा राहायचा. बोळ्याखाली बगळ्याची ताजी शिट असायची. तुम्ही-आम्ही फडकं घेऊन खसाखसा पुसून मोकळे झालो असतो. तो मनातल्या मनात शंभरापर्यंत मोजायचा, मग बोळा अलगद वर घ्यायचा. खाली रंग जसाच्या तसा, काळाभोर. "पुसाचं नाई, उचलाचं," तो म्हणायचा. शिटेत वाळू असते, माशांचे बारीक काटे असतात, घासलं की रंगावर ओरखडा उठतो. आणि तशीच राहू दिली तर ऊन तिला रंगात मुरवतं, मग कोणाच्या बापाला निघत नाही.

राज्यांची फेररचना झाली आणि आम्ही वऱ्हाडातले लोक बसल्या जागी मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, त्या सुमाराची ही गोष्ट. बोरी अरबच्या बाहेर एका शेठजींचं जिन होतं. कापसातली सरकी वेगळी करून रुई काढायचं काम तिथं चाले. मी तिथं कारकून. शेठजी नागपूरला गेले की सगळा कारभार माझ्याकडे, फाटकाच्या किल्लीसकट. किल्ली कमरेला लावून हिंडताना मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं, हे आधीच सांगून टाकतो.

तो शेठजींचा ड्रायव्हर, जवळच्याच बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुखभर फिरलेले. हा त्या घरातला पहिला, ज्याच्या हाती कासऱ्याऐवजी चाक आलं. पण बोलणं बैलाचंच. रेडिएटरमध्ये पाणी ओतायचा तेव्हा "पाणी पाजून राह्यलो" म्हणायचा, आणि गाडी चढावर धापा टाकायला लागली की तिच्या दारावर थोपटायचा.

गाडी पेट्रोलची, म्हणून रुईच्या गोदामाजवळ न्यायची नाही. आवारात सावली एकच, फाटकाजवळच्या चिंचेची. आणि पावसाळा लागला की त्या चिंचेवर बगळ्यांची वस्ती. उन्हात ठेवली तर रंग उडणार, सावलीत ठेवली तर बगळे हगणार. इकडे आड, तिकडे विहीर. शेठजींनी तर गाडी आली त्याच दिवशी बजावलं होतं की ज्या दिवशी रंगावर डाग दिसेल त्या दिवशी ड्रायव्हरची नोकरी गेली. दुसरा नियम माझ्यासाठी होता. त्यांच्या तोंडच्या शब्दाशिवाय गाडी फाटकाबाहेर जाता कामा नये. आधीच्या कारकुनानं ती भाच्याच्या वरातीला दिली होती, तो घरी बसला होता.

मग त्यानं गाडीला पांघरूण करायचं ठरवलं. जुनी धोतरं गोळा केली आणि बायकोपुढं टाकली. तांड्यावरच्या बायकांच्या हाताला सुई जन्मापासूनच लागलेली. तिनं महिनाभर बसून दुहेरी शिवण घातली, आणि पूर्वी तांड्याच्या म्होरक्या बैलाच्या पाठीवर टाकत तशी झूलच करून आणली. कडेला कवड्या, मधोमध आरसे, लाल-निळ्या दोऱ्याचं काम. गाडीवर टाकली तेव्हा हमालसुद्धा पोती खाली ठेवून बघायला आले. नवरदेवाचा घोडा झाला म्हणून आम्ही त्याची खूप टिंगल केली.

सकाळी झूल काढली आणि त्याचा चेहरा पडला. रात्रीच्या वाऱ्यानं कवड्या बॉनेटवर घासल्या होत्या. केसासारखे बारीक ओरखडे, पण त्याला दिसायचे ते दिसलेच. बायकोला तो एक शब्द बोलला नाही. तीच दुपारी आली, चिंचेखाली फतकल मारून बसली आणि एकेक कवडी, एकेक आरसा उसवून पदरात टाकू लागली. सहा-सात महिन्यांची पोटुशी होती. मी म्हटलं, बाई, एवढी कलाकुसर कशाला उसवतेस? ती हसली आणि म्हणाली, "पोराच्या टोपीले लावीन." लग्नाला नऊ वर्षं झाली होती, हे पहिलंच राहिलेलं.

नंतर ते ओरखडे त्यानं मेण लावून पंधरा दिवसांत बुजवले. मेण चोळायला गोदामातली रुई घ्यायचा, पण आधी ती उजेडात धरून बोटांनी पिंजायचा. सरकीचं टरफल राहिलं तर तेही ओरखडतं म्हणे. जिनातला इतका निवडक कापूस मी विलायतेला जाणाऱ्या गाठींतही पाहिला नाही.

पोळ्याचा दिवस उजाडला. शेठजी नागपूरला होते. सकाळी दहाला तो माझ्या टेबलापुढं येऊन उभा राहिला. पहाटेपासून बायकोला कळा येत होत्या. पोर आडवं आहे, दारव्ह्याच्या दवाखान्यात न्या, असं सुईण म्हणत होती. दारव्हा आठ-नऊ मैल. सकाळची एसटी गेलेली, पुढची संध्याकाळी. आणि तुम्हाला ठाऊकच आहे, पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर कोणी जू ठेवत नाही. वर्षभराचा एक दिवस त्या मुक्या जनावराचा. तो चार घरी विचारून आला होता, सगळ्यांनी हात जोडले होते.

"बाबूजी, फाटक उघडा. गाडी नेतो."

मी म्हटलं, शेठजींना विचारावं लागेल.

"माही नोकरी जाऊ द्या."

"आणि माझी?" मी म्हणालो.

एरवी उठता-बसता 'ओलं हाय तोवर आपलं हाय' म्हणायचा, ते वाक्य त्या दिवशी त्याच्या तोंडून निघालं नाही. ते मलाच आठवायला हवं होतं. पण मी शहाणा माणूस. मी नागपूरला ट्रंक कॉल नोंदवला आणि त्याला म्हटलं, बस, तासाभरात कळेल.

तो गाडीपाशी जाऊन बसला. खिडकीतून मला दिसत होता. झूल एका बाजूनं थोडी सरकली होती आणि उघड्या मडगार्डवर शिट पडली. तो उठला. बोळा भिजवला, ठेवला, हात मागे बांधून उभा राहिला. शंभर झाले असतील तेव्हा उचलला. बायको तिकडे तांड्यावर तळमळत होती आणि हा माणूस इकडे शेठजींचा रंग वाचवत होता. मी ते पाहिलं, किल्ली कमरेला होती, आणि मी टेलिफोनकडे बघत बसलो.

बाराच्या सुमाराला शेजारच्या वावराचा म्हातारा मालक दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, घेऊन तांड्याकडे निघाला. कोणीतरी त्याला सांगितलं होतं. बैलांच्या शिंगांना लाल-पिवळा रंग, गळ्यात घुंगरांच्या माळा, कपाळावर बाशिंगं, आणि त्या सजलेल्या मानांवर जू. फाटकापाशी त्यानं दमणी थांबवली, ड्रायव्हरला हाक मारून फाटकातल्या माणसापुरत्या दिंडीतून बाहेर बोलावलं, वर घेतलं आणि फाटकाच्या गजांतून खिडकीतल्या माझ्याकडे पाहिलं.

"बैल मले माफ करतीन, बाबू," म्हातारा म्हणाला. "तुमचं तुमी पाहा."

एक वाजता कॉल लागला. शेठजी जेवून झोपलेत, चारनंतर लावा, असं तिकडून कोणीतरी सांगितलं.

चारला लावायची गरज पडली नाही. दमणी तीन मैलांवरूनच परत फिरली होती. गावात तोरणाखाली पोळा भरला होता, डफडी वाजत होती, आणि रस्त्यानं ते रंगीत शिंगांचे बैल हळूहळू येत होते. घुंगरं म्हाताऱ्यानं काढून घेतली होती. ड्रायव्हर मागून चालत होता. पोर पोटातच राहिलं, ती वाटेत गेली.

तासाभरानं तो आवाराच्या फाटकाशी आला. आता मी कुलूप काढलं, आता मला कोणाला विचारावंसं वाटलं नाही. तो सरळ गाडीपाशी गेला आणि झूल उतरवू लागला. चारी कोपरे जुळवून नीट घडी केली.

"तिनं शिवली," तो म्हणाला. "तिच्यावर टाकतो."

ती झूल तिच्याबरोबर जळाली.

पुढचे आठ दिवस गाडी चिंचेखाली उघडी होती. तो सुतकात, चालवणारा दुसरा कोणी नाही. तिसऱ्या दिवशी मी फडकं घेऊन गेलो. घासलं, तर पांढरं तसंच आणि भोवती ओरखडे. मधे ऊन पडलं, बगळ्यांनी त्यांचं काम केलं, आणि बॉनेट अंगावर कोड फुटल्यासारखं झालं.

शेठजी आले तेव्हा तोही कामावर आला होता. शेठजींनी मला विचारलं, हे कसं झालं. मी सांगितलं की ड्रायव्हर गाडीची झूल घेऊन गेला आणि आठ दिवस आला नाही. शब्द न् शब्द खरा होता. तो दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्यानं फाटकाचं नाव काढलं असतं, ट्रंक कॉलचं काढलं असतं, तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. त्यानं "हो शेठजी" म्हटलं आणि गाडीची किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली.

जाताना गाडीपाशी थांबला. सवयीनं बोट टेकवून एक डाग पाहिला, नखानं जरा खरवडला. मी मागेच होतो.

"वाळलं, बाबूजी," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात राग असता तर मी कुठेतरी ठेवून दिला असता. राग नव्हता. त्या आठवड्यात तो तांडा सोडून पुसदकडे गेला असं कळलं. पुढं कोणाला दिसला नाही. नागपूरहून रंगारी आला, त्यानं दोनदा पॉलिश मारलं, पण तिरपं ऊन पडलं की बॉनेटवर ते डाग पुन्हा दिसायचे. त्या बाईला मी मारलं असं मला आजवर कोणी म्हटलेलं नाही. मी म्हणतो.

पुढच्या पोळ्याला मी सकाळीच फाटकाचं कुलूप काढलं आणि दोन्ही पल्ले पूर्ण उघडले. शेठजी नागपूरला होते. गाडी चिंचेखाली होती, तिच्यावर झूल नव्हती. मी दिवे लागेपर्यंत फाटकात खुर्ची टाकून बसलो. कोणी आलं नाही.