कॅनडावाल्याच्या घरातली भिवराबाई

तुमच्या घरातल्या किती खोल्यांना आज कुलूप आहे? मोजा. मुलगा पुण्याला असतो त्याची खोली, पाहुण्यांची खोली, गावाकडचं घर, भाव वाढेल म्हणून घेऊन ठेवलेला फ्लॅट. सगळं धरा. मी थांबतो.

झालं असेल तर भिवराबाईची ओळख करून देतो.

वय पंचेचाळीस, तिच्या अंदाजानं. आधार कार्डावर बावन्न. जात धनगर. जन्म जिंतूरच्या वरच्या माळावर, मेंढरांच्या तळावर. ते शेत कुणाचं होतं हे तिच्या आईलाही माहीत नव्हतं. आयुष्यभर ती लोकांच्या रानात राहिली आणि भाडं कुणाला दिलं नाही. पण फुकटही राहिली नाही. सुगी झाली की रिकाम्या रानात मेंढरं बसवायची, त्यांच्याभोवती वाघुरीची जाळी ठोकायची. रातभर लेंडी पडते, जमिनीला खत होतं. ज्याचं रान तो त्याबद्दल ज्वारी देतो. दोन-तीन मुक्काम झाले की जाळी गुंडाळायची, बिऱ्हाड घोड्यावर लादायचं, पुढचं रान धरायचं. ज्या जमिनीवर राहिलो त्या जमिनीला काहीतरी देऊन उठायचं, एवढा एकच करार या बाईला कळतो.

तीन वर्षांपूर्वी जिंतूरच्या रस्त्यावर एक ट्रक कळपात घुसला. कळपाच्या पुढं तिचा नवरा होता, मुंजाजी. लोक धावत आले. काही मुंजाजीकडं, काही मेलेल्या मेंढरांकडं. मुंजाजी जागेवरच गेला. तेव्हापासून भिवराबाई बहुतेक गोष्टींवर एकच शब्द बोलते. "बरं."

कळप दिराकडं, सटवाजीकडं गेला. तिनं एकच मागणं ठेवलं, पोरगी शिकंल. पोरगी बबिता, यंदा दहावीला, पिंगळीच्या शाळेत. कळप काही दहावीसाठी थांबत नाही. म्हणून मायलेकी शाळेजवळ रस्त्याकडंला पाल ठोकून राहिल्या. गेल्या जूनमध्ये पालात पाणी शिरलं. बबिताची पुस्तकं खांबाच्या तारेवर वाळत घातलेली मला दिसली, तिथून आमची ओळख.

आता घराकडं येतो. पिंगळी स्टेशनापासून पायी अर्ध्या तासावर आमचं भीमनगर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथं सितारामकाकांचं दुमजली घर आहे. काका परभणीला कृषी विद्यापीठात कारकून होते. निवृत्त झाल्यावर हे घर बांधलं. घरामागं त्यांच्या वडिलांच्या रानातला उरलेला वीस गुंठ्यांचा तुकडा, पुढं फाटकाजवळ पिंपळाचं रोप. काका त्याला बोधिवृक्ष म्हणायचे. अडीच वर्षांमागं काका वारले. त्यांचा मुलगा सिद्धोधन कॅनडाहून आला. मूठभर अस्थी त्या झाडाच्या मुळाशी पुरल्या, फाटकावर कॅमेरा बसवला आणि परत गेला. सिद्धोधन माझ्या बरोबरीचा. एका बाकावर बसलो आम्ही.

बंद घराला दोन पावसाळे पुरतात. दारं फुगली, वाळवी लागली, वरच्या मजल्यावर वटवाघळं आली. सिद्धोधननं मला फोन केला.

"धम्मा, कुणीतरी राहायला बघ. भाडं नको, लाइट बिल पण मीच भरतो. घर उघडं राहू दे, झाडलोट होऊ दे, बाबांच्या झाडाला पाणी मिळू दे. इकडं खेड्यापाड्यात असंच देतात घर. तू राख, तू राहा."

"तिकडं कोण राहतं असं?"

"कुणी पण. रिटायर झालेले प्रोफेसर सुद्धा."

आमच्याकडं प्रोफेसर सापडणार नव्हता. मी आधी आपल्याच लोकांना विचारलं. एक जण म्हणाला, "राखण करायला आमी काय त्याचे सालदार हाव का?" दुसऱ्याची बायको म्हणाली, "फुकटच्या घरात ऱ्हायलं की मालकाचा फोन आला तरी उभं ऱ्हावं लागतं, भाऊ." मी दोघांनाही नको ते बोललो. बाई खरं बोलली होती.

मग भिवराबाईच्या पालावर गेलो. भीमनगरातलं घर आहे, बौद्धाचं आहे, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध आहेत, ते तिथंच राहतील, हे आधीच सांगितलं. तिनं विचारलं, "बबीची परीक्षा होईस्तोर ऱ्हाता येईल का?"

"येईल."

"बरं."

सटवाजी तेव्हा भेटायला आला होता. तो म्हणाला, "वैनी, भीमनगरात निघालीस. आता आमच्या हातचं पाणी चालंल ना तुला?"

"आधी आणून तर दे," भिवराबाई म्हणाली. "तीन वर्सं झाली, वाट बघायलेय."

मी तिला ओळखतो तेव्हापासूनचा हा तिचा एकमेव विनोद. म्हणून लिहून ठेवला.

सिद्धोधननं अटी व्हॉट्सॲपवर पाठवल्या, मी वाचून दाखवल्या. वरचा मजला बंद ठेवायचा. भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत. झाडाला रोज पाणी. दर रविवारी संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल. मेंढरांबद्दल काही नव्हतं. कॅनडात बसून कुणाला सुचेल?

जून ते जानेवारी त्या घरात दोघी राहिल्या म्हणजे स्वयंपाकघरात राहिल्या. बाकीच्या खोल्या भिवराबाई रोज झाडायची, पुसायची आणि दार ओढून घ्यायची. बबिता काकांच्या टेबलावर अभ्यास करायची. परीक्षेचं वेळापत्रक तिनं भाताच्या शितांनी दाराला चिकटवलं, कारण खिळे नकोत. रविवारी सातला भिवराबाई मोबाइल हातात धरून घरभर फिरवायची, शेवटी झाडापाशी न्यायची. सिद्धोधन म्हणायचा, "थँक्यू ताई." ती म्हणायची, "बरं."

तिला एकच गोष्ट टोचायची. दोनदा तिनं मला विचारलं, "त्या साहेबाला काय द्यावं, भाऊ?"

"काही नको. राखण करताय ना तुम्ही."

"राखण काय. झाडलोट तर तळावर बी करतोच की. त्याचं कुणी घर देतं का?"

मला मोर्चाची गडबड होती. मी म्हणालो, बघू.

जानेवारीत सटवाजीचा कळप जिंतूरकडून खाली उतरला, गंगेकडं निघाला. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. भिवराबाईनं त्याला अडवलं आणि घरामागच्या वीस गुंठ्यांत दोन मुक्काम मेंढरं बसवली. ज्वारी न घेता. सिद्धोधनला विचारलं नाही. दुसऱ्याच्या जमिनीला खत घालताना परवानगी मागायची असते, हे तिच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलेलं नाही.

दुसरा मुक्काम उठायच्या सकाळी कुसुमबाईचा फोन आला. कुसुमबाई म्हणजे सिद्धोधनची काकू, शेजारच्याच घरात राहते. "धम्मा, लवकर ये. आपल्या रानात मेंढरं बसल्यात." आवाज काही वेगळाच होता. मला वाटलं भांडण झालं. चप्पल न घालता गेलो.

भांडण नव्हतं. कुसुमबाई मागच्या दारात सूप घेऊन उभी होती. सुपात ज्वारी होती. भीमनगरातली पाच-सात माणसं भिंतीला टेकून बघत होती.

"माझ्या सासऱ्यानं दोनदा बोलवलं होतं मेंढरवाल्यांना," ती मला म्हणाली, पण ऐकवत होती सटवाजीला. "ह्याच रानात. आले, बघितलं, पाणी न पिता पुढं गेले. मेंढरं बसवली तर ज्वारी घ्यावी लागती, अन् आमची ज्वारी कोण घेणार? सासरा मरस्तोर म्हणायचा, सगळ्या शिवारात आपल्याच रानाला लेंडी न्हाई."

मग भिवराबाईकडं वळली. "घे."

"न्हाई. हे मी ऱ्हायल्याचं देऊ लागले. साहेबाला."

"साहेबाचं तू अन् साहेब बघा. मेंढरं बसली की ज्वारी द्यायची असती. पदर धर म्हंते ना!"

भिवराबाईनं दिराकडं बघितलं. सटवाजी ज्वारीकडं बघत होता. शेवटी तोच म्हणाला, "घे वैनी. रीत हाय."

तिनं पदर पसरला. कुसुमबाईनं सूप तिरपं केलं. ज्वारी पदरात पडली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे तिकडंच बघत होते. मीही.

जाळी आधीच काढलेली होती. कळपात आठ-नऊ शेळ्या होत्या. त्या घराला वळसा घालून पुढं गेल्या.

माझ्या खिशातला फोन वाजला. सिद्धोधन. तिकडं संध्याकाळ होती, जेवताना त्यानं मोबाइलवर कॅमेरा उघडला होता. "धम्मा, बाबांचं झाड," एवढंच म्हणाला.

आम्ही पुढं धावलो. पाच मिनिटं पुरली असतील. तोंड पोचेल तिथपर्यंत पाला नव्हता. खोडाची साल सोललेली, आतलं पांढरं ओलं दिसत होतं. सटवाजीनं शेळ्यांना काठीनं झोडपलं. आता झोडपून काय.

कॅमेरा फाटकावर आहे. त्यात शेळ्या दिसल्या, झाड दिसलं. मागच्या दारातली ज्वारी त्यात दिसत नाही.

मी सिद्धोधनला सांगितलं. त्याच्या आज्याचं सांगितलं, परत गेलेल्या मेंढरवाल्यांचं सांगितलं, आज पदर कुणी धरला ते सांगितलं. त्यानं मधे तोडलं नाही. मग म्हणाला, "आज्याला मी बघितलं पण नाही, धम्मा. बाबांना बघितलंय. त्या मायलेकींना आठ दिवस दे, मग किल्ली काकूकडं ठेव."

"पोरीची दहावी आहे. वीस फेब्रुवारीला पहिला पेपर."

"तू कार्यकर्ता आहेस. बघशील कुठंतरी."

इथं मी चूक केली. गप बसायला हवं होतं, दोन दिवस जाऊ द्यायला हवे होते. मी म्हणालो, घाल तुझं घर चुलीत, आणि फोन कापला. तिसऱ्या दिवशी मीच लावला. तो शांतपणे म्हणाला, "परभणीच्या एका माणसाला सांगितलंय. तो पुढच्या रविवारी येऊन कुलूप बदलेल." सिद्धोधनला मी वाईट म्हणणार नाही. बापाची राख त्या मुळाशी आहे. माझ्या बापाची असती तर मीही शेळ्याच बघितल्या असत्या.

भिवराबाईला मी ओट्यावर बसून सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. "बरं," म्हणाली. मग विचारलं, "रविवारी सकाळी का दुपारून?"

"माहीत नाही."

"बरं."

बबिता आतून ऐकत होती. ती बाहेर आली नाही. वेळापत्रक मात्र दारावरून काढून वहीत ठेवलं. शितांचे चार डाग राहिले होते, ते तिच्या आईनं ओल्या फडक्यानं पुसले.

झाडाला भिवराबाईनं शेण-मातीचा लेप दिला आहे, वरून जुनं लुगडं गुंडाळलं आहे. एका अंगानं साल उरली आहे. जगेल असं ती म्हणते. रोज पाणी घालते, घर झाडते, पुसते, दार ओढून घेते. मधल्या रविवारी फोन आला नाही. सात वाजता ती मोबाइल हातात धरून भिंतीसमोर उभी होती. साडेसातला ठेवला.

खोली मी शोधली. वसतिगृहात वर्षाच्या मधे घेत नाहीत. कुसुमबाईच्या एका खोलीत सात माणसं आधीच आहेत, तरी ती बोलावते. बबिता वही कुठं उघडेल ते तिला सांगता येत नाही. पिंगळीत एका ठिकाणी भाड्यानं ठरली होती. संध्याकाळी मालकीणबाई म्हणाल्या, मेंढरवाल्यांच्या अंगाला वास येतो हो. त्यांना मी जे उत्तर दिलं ते इथं छापणार नाहीत.

सटवाजी गंगेपलीकडं पोचला आहे. येत्या रविवारपर्यंत काही झालं नाही तर मायलेकी कळपाकडं जातील. तिथून परीक्षेचं केंद्र दोन बस आणि एक नदी दूर आहे. मग बबिताची दहावी झाली म्हणूनच समजा. भिवराबाई त्यावरही एकच शब्द बोलेल.

म्हणून सुरुवातीला मोजायला लावलं. दया वगैरे नको आहे. पिंगळी ते परभणी या पट्ट्यात एक बंद खोली, मार्चअखेरपर्यंत. ती रोज झाडली जाईल, भिंतीला खिळा लागणार नाही, मेंढरं येणार नाहीत. माझा नंबर संपादकांकडं आहे. तुम्ही जो आकडा मोजलात त्यातलं एक कुलूप रविवारच्या आत काढा, आणि किल्ली घ्यायला कधी येऊ ते मला कळवा.