दह्याच्या डब्यातली काडतुसं

दुसऱ्याचं घर आवरायची मला खोड आहे. कुणी सांगितलेलं नसतं, कुणाला नकोच असतं, पण ओट्यावर चार भांडी पडलेली दिसली की माझे हात शिवशिवायला लागतात. लेक म्हणते, आई, जरा शांत बस ना, पाहुणी आहेस तू इथे. आता बसून बसून माणूस बसणार तरी किती? अमेरिकेत पंचेचाळीस वर्षं काढली, त्यातली तीस हॉस्पिटलच्या फार्मसीत उभं राहून. बसायची सवयच राहिली नाही.

तर गेल्या वर्षी उन्हाळा सरताना आम्ही सगळे व्याह्यांकडे गेलो होतो. आमचं घर बॉथेलला. त्यांचं डोंगरापलीकडे, गव्हाच्या शेतांच्या मधोमध, गाडीनं चार तास. जावयाचे वडील ते. सत्त्याहत्तर वर्षांचे, उंच, कमी बोलणारे. पाच वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून एकटेच राहतात. नात मला आजी म्हणते म्हणून तेही मला आजीच म्हणतात, आणि मी त्यांना ग्रँपा. सुरुवातीला मला याचं हसू यायचं, आता येत नाही.

त्यांच्या मागच्या दाराशी बूट-कोट ठेवायची एक छोटी खोली आहे. तिथं खुंटीवर जाड कापडाची दोन जाकिटं लटकत होती, धुळीनं पापडासारखी कडक झालेली. मी ती काढली आणि मशीनमध्ये टाकली. टाकण्याआधी खिसे तपासले, ते काय मी सोडते! खिशांतून काडतुसं निघाली. छऱ्याच्या बंदुकीची, अंगठ्याहून जाड, काही लाल, काही पिवळी. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दह्याचा एक रिकामा डबा मी आदल्या दिवशीच धुऊन ठेवला होता. त्यात सगळी एकत्र भरली, झाकण लावलं आणि फळीवर ठेवून दिला. जाकिटं वाळल्यावर खुंटीला परत लावली. वर स्वतःवरच खूश.

त्याच मुक्कामात ग्रँपांनी विषय काढला. नात तेरा वर्षांची झाली होती, आणि फेझंटच्या शिकारीला तिला बरोबर न्यावं असं त्यांच्या मनात होतं. फेझंट म्हणजे कोंबड्याएवढा, लांब शेपटीचा रानपक्षी. जावई त्यांच्याबरोबर असाच जात मोठा झालेला, त्याची काही हरकत नव्हती. पाळणाघराचं तोंड न बघता त्या पोरीला मी वाढवलंय, त्यामुळे लेकीनं सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. आजी नाही म्हणाली तर नाही.

मी नाहीच म्हणणार होते. मी शाकाहारी आहे हे एक झालंच, पण खरं कारण ते नव्हे. फार्मसीत तीस वर्षांत बंदुकीनं जखमी झालेल्या माणसांची औषधं किती वेळा भरली असतील, ते आठवायला नको वाटतं. माझ्या पोरीच्या पोरीनं ती वस्तू हातात धरायची? छे! पण नात चतुर. तिनं वाद घातला नाही. म्हणाली, शिकारीचं लायसन्स मिळायला क्लास करावाच लागतो, तू माझ्याबरोबर क्लासला ये, सगळं ऐक, मग ठरव. आता याला नाही कसं म्हणणार? ठीक आहे म्हटलं, येते. मनात मात्र नकार पक्का करूनच गेले.

क्लास शनिवारी होता, आमच्या घरापासून वीस मिनिटांवरच्या एका हॉलमध्ये. मला वाटलं होतं, दाढीवाले पुरुष असतील, बढाया असतील. शिकवायला होत्या एक सत्तरीच्या बाई, आमच्या फार्मसीतल्या हेडसारख्या करड्या. त्यांनी पहिला अर्धा तास शिकारीचं नावही काढलं नाही. बंदूक भरलेली आहे असंच धरून चालायचं, म्हणाल्या, एक मिनिटापूर्वी तुम्ही स्वतःच्या हातांनी रिकामी केली असली तरी. जे गमवायचं नाही त्याच्याकडे नळीचं तोंड कधीही वळवायचं नाही. गोळी झाडायचं नक्की ठरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. सेफ्टीच्या खटक्यावर भरवसा नको, ते यंत्र आहे, बिघडू शकतं. पक्षी दिसला की आधी पक्ष्याच्या मागे काय आहे ते बघायचं. कुंपण ओलांडायचं असेल तर आधी बंदूक रिकामी करायची. घरी बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात.

खोटं कशाला बोलू, मला त्या बाई आवडायला लागल्या. एका पोरानं खोटी बंदूक हातात फिरवली, तर त्यांनी ती शांतपणे काढून घेतली आणि त्याला तासभर नुसतं बघत बसवलं. माझ्या नातीनं मात्र बंदूक घेतली, आधी ती मधोमध वाकवून उघडली, आत बघितलं आणि मगच वळली. मला उगाच अभिमान वाटला, आणि स्वतःचाच रागही आला.

मग काडतुसांचा विषय निघाला. नळीवर आकडा कोरलेला असतो आणि काडतुसाच्या बुडाला पितळेवर आकडा असतो, ते दोन्ही जुळलेच पाहिजेत. बाईंनी दोन काडतुसं वर धरली, एक लाल, एक पिवळं. बारा नंबरचं आणि वीस नंबरचं. यात आकडा जितका मोठा तितकं काडतूस बारीक. विसाचं पिवळं काडतूस चुकून बाराच्या बंदुकीत घातलं तर ते घसरून पुढे नळीत जाऊन अडकतं. बंदूक उघडली तर रिकामी दिसते. माणसाला वाटतं, अरे, भरायला विसरलोच की. तो मागून बाराचं घालतो आणि चाप ओढतो. मग नळी हातातच फुटते, तोंडापासून वीतभर अंतरावर. म्हणून तर विसाची पिवळी करतात, बाई म्हणाल्या, लांबूनही ओळखू यावीत. ही दोन कधीही एका खिशात, एका डब्यात ठेवायची नाहीत.

तो दह्याचा डबा डोळ्यांसमोर आला, आणि झाकण लावणारे माझे हात. दर शनिवारी सकाळी ग्रँपा मातीच्या उडत्या चकत्यांवर नेम धरायला जातात, हे मला माहीत होतं. आणि त्या दिवशी शनिवार होता.

मी उभी राहिले. वीस-पंचवीस पोरं, त्यांचे आईबाप, सगळ्यांसमोर मी काय करून ठेवलंय ते सांगितलं. आयुष्यभर दुसऱ्यांना लेबल वाचायला लावणारी मी. दोन औषधं एका बाटलीत टाकलेली दिसली तर मी माणसाला घरी पाठवलं असतं. कुणी हसलं नाही. बाई एवढंच म्हणाल्या, आत्ता बाहेर जा आणि फोन लावा.

फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजला. जावयाला फोन करून सांगितलं, त्यानं ग्रँपांच्या शेजाऱ्यांना लावला, तर तेही घरात नव्हते. नात माझ्यामागून बाहेर आली आणि पार्किंगच्या कडेला माझ्याशेजारी बसली. मी तिला आत जा म्हटलं, ती गेली नाही. दीड तास आम्ही दोघी तिथं बसलो होतो. मी आलटून पालटून स्वतःला शिव्या देत होते आणि देवाची करुणा भाकत होते. अतिशहाणी मेली, कुणी सांगितलं होतं खिशात हात घालायला? नात माझी पाठ थोपटत होती, मी ती लहान असताना थोपटायचे तशी.

अखेर फोन वाजला. ग्रँपाच. बागेत गवत कापत होते, फोन स्वयंपाकघरात राहिला होता. त्यांचा आवाज ऐकला आणि माझा जीव भांड्यात पडला. रडत रडत मी डब्याचं सांगितलं. डोळे पुसता यावेत म्हणून फोन स्पीकरवर ठेवून नातीकडे दिला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आजी, मला माहीत आहे. गुरुवारी मी त्यातलंच पिवळं घातलं होतं.”

झालं असं होतं. गुरुवारी संध्याकाळी सराव करायला त्यांनी त्या डब्यातून मूठभर काडतुसं घेतली. बंदूक भरली, चाप ओढला, नुसता खट् आवाज आला. बार उशिरानंही उडू शकतो, म्हणून नियमाप्रमाणे नळी समोर मोकळ्या रानाकडे धरून ते अर्धा मिनिट तसेच थांबले. मग उघडून बघितलं तर रिकामी. दुसरं काडतूस हातात घेतलंसुद्धा होतं. पण पन्नास वर्षांची सवय, आपण भरायला विसरू हे त्यांना पटेना. म्हणून नळीतून आकाशाकडे बघितलं. उजेड दिसला नाही.

मी कपाळाला हात लावून बसले. ते म्हणाले, चूक तुमची नाही. एक जाकीट माझं होतं, दुसरं बायकोचं. पिवळी तिची होती, तिची बंदूक विसाची. ती गेल्यापासून त्या खिशात हात घालायचं मला धाडसच झालं नव्हतं, म्हणून ती पाच वर्षं तिथंच राहिली. मोकळी काडतुसं अशी खिशात ठेवायची नसतात हे मला कळत नव्हतं का?

म्हणजे मी त्यांच्या बायकोचं जाकीटही धुऊन टाकलं होतं. त्यात तिचा काही वास उरला असेल तर तोही गेला. मी त्यांना तसं म्हणालेही. मग ते म्हणाले, ती असती तर म्हणाली असती, बरं झालं, एकदाचं कुणीतरी धुतलं.

मला वाटलं, संपलं. पण ते पुढे बोलले. लाल आणि पिवळं त्यांना समोरासमोर धरूनही त्या संध्याकाळी वेगळं दिसलं नव्हतं. नजर अधू झाली आहे, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. “म्हणून यंदा मी पोरीला नेणार नाही. ही माझी शेवटची काही वर्षं, फार मनात होतं. पण आता नाही. तिला सांगायचं कसं तेवढंच कळत नाहीये.”

पोर माझ्याशेजारीच बसली होती, फोन तिच्याच हातात. तिनं खाली मान घातली आणि ग्रँपांना ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर हात दाबून रडली. तीही त्यांनाच सांभाळत होती. जो नकार द्यायला मी क्लासला आले होते तो मला आयता ताटात वाढून मिळाला होता, आणि मला तो घशाखाली उतरेना.

“ग्रँपा,” मी म्हटलं, “तुमची बंदूक घरी ठेवा. एकच बंदूक न्यायची, तुमच्या बायकोची, आणि एकाच जातीची काडतुसं. डोळे माझे, हात पोरीचे, अक्कल तुमची. मी येते.”

ते म्हणाले, तुम्ही तर मांस खात नाही. मी म्हटलं, खायला कोण येतंय?

मग आम्ही दोघी आत गेलो आणि क्लास पुरा केला. परीक्षा दोघींनी दिली, दोघी पास झालो. माझा एक प्रश्न चुकला, तो कोणता ते विचारू नका.

हंगामाच्या पहिल्या दिवशी सकाळी आम्ही तिघं शेतात गेलो, लांबून दिसावं म्हणून भडक नारिंगी बंड्या घालून. त्या दिवशी एकच पक्षी उडाला, तोही शेजाऱ्यांच्या घराच्या दिशेनं, आणि नातीनं बार टाकला नाही, हे आधीच सांगून टाकते. लोक तेवढंच विचारतात. मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं आहे.

शेताच्या कडेला नात थांबली. बंदूक उघडली, दोन्ही नळ्यांतून आकाश बघितलं, नळ्या मोकळ्या आहेत असं ग्रँपांना सांगितलं, आणि माझ्यापुढे हात केला. मी चष्मा चढवला, खिशातून दोन काडतुसं काढली आणि त्यांच्या बुडाचा आकडा मोठ्यानं वाचला. वीस. वीस. दोन्ही तिच्या तळहातावर ठेवली.

तिनं ती भरली नाहीत. एकेक उलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं आणि स्वतः वाचलं. मी आत्ताच, तिच्या समोर, मोठ्यानं वाचलेलं असताना. एरवी मी फाडकन काहीतरी बोलले असते. माझ्या तोंडावर माझ्यावर अविश्वास दाखवायची आमच्या घरात कुणाची टाप नाही.

तिनं वर बघितलं. “आजी, आर यू मॅड? रागावलीस?”

“नाही गं राणी,” मी म्हटलं, आणि माझे डोळे भरून आले, कारण आता ही पोर माझ्या चुकीनं मरणार नव्हती. “पुन्हा एकदा वाच.”