मेलानिया उठली की पडणारा काटा

आमच्या मेलानियासारखे हात आख्ख्या कीवमध्ये कुणाचे नव्हते. थोरल्या भावाचं कौतुक म्हणून सोडून देऊ नका, ज्यानं बघितलं तोही हेच सांगेल. केसाहून बारीक सोन्याची तार ती मायक्रोस्कोपखाली डकवायची. धुरातनं रणगाडा हुडकायच्या रडारचा ट्रान्समीटर, काडेपेटीएवढा! आत दिवा नाही, नळी नाही, रडारची लाट सोडणारा नुसता कणभर डायोड.

लष्कराच्या त्या गुप्त कारखान्याला नाव नव्हतं, टपालपेटीचा नंबर तेवढा. कुठं असतेस विचारलं की म्हणायची, "पेटीत." पुढं बोलायची बंदी. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. दिवसभर समोर तो ट्रान्समीटर, तोच सोबतीला.

ती समोर बसलेली असली की लाटेचा जोर दाखवणारा मीटरचा काटा एकदम जागेवर. ती उठून तपासणीचा मेजर पुढं आला की धपकन खाली! असं दोनदा झालं.

"मेलानिया पेत्रिव्ना, तुमच्या लाडक्याला माझं तोंड बघवत नाही वाटतं," मेजर म्हणाला.

"आम्हाला तरी कुठं बघवतंय, साहेब!" विभागाचा प्रमुख यारेमा ह्नातोविच हसला. मग तिच्याकडं वळून हळूच म्हणाला, "उद्या शेवटची तपासणी हं, बाई. नाहीतर तुम्ही गोदामात."

गोदामात! त्या टेबलाशिवाय होतं काय तिचं?

त्याच दुपारी खिडकीत ठेवलेला पाव आणि सालो, म्हणजे डुकराची खारवलेली चरबी, घ्यायला ती उठली. काटा पडला. परत बसली. काटा चढला. पुन्हा उठली, पुन्हा बसली. मग कपाळावर हात मारला तिनं. परतीची लाट अडवणारा सुटा भाग स्टोअरमधनं आलाच नव्हता, त्याच्याशिवायच काम रेटायची सगळ्यांना सवय. लाट तिच्या अंगावर आपटून माघारी यंत्रात जात होती, आणि ते धरूनच तिनं स्क्रू पिळले होते. यंत्र तिच्यासकट जुळलेलं!

तिनं समोर लाट गिळणारा काळा स्पंज उभा केला, स्वतः बाजूला सरकली, अन् लांबून हात घालून सगळं नव्यानं जुळवलं.

दुसऱ्या दिवशी मेजर टेबलाभोवती फिरला, स्पंजामागं उभा राहिला, वाकला. काटा जागचा हलला नाही. "आता याला कुणाचीच गरज नाही," म्हणत त्यानं सही ठोकली.

टेबल राहिलं. सगळे पांगल्यावर मेलानियानं कोट चढवला आणि जाता जाता स्पंजामागं, यंत्राच्या बरोबर समोर, जरा उभी राहिली.

"निघते रे," ती म्हणाली.

काटा ढिम्म.