पत्रा मारायचा की डेक ठेवायचा

कोल्हापुरात एखाद्याची गच्ची मोकळी दिसली की लोकांना बेचैन व्हायला होतं. लग्नाला आलेला माणूस न जेवता चालला असेल, तर जसं वाटावं तसं. मग प्रत्येक जण विचारतो, "पत्रा कवा मारताय?" एकदा पत्र्याचं शेड उभं राहिलं की गच्ची पूर्ण झाली. त्याखाली तुटक्या खुर्च्या, रुखवतातली भांडी आणि हवा गेलेली सायकल सुखानं नांदू लागतात.

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरावर मात्र मी लाकडी डेक केला. कोकणात एका रिसॉर्टवर दोन दिवस राहून आलो होतो, त्याचा हा परिणाम. डेक म्हणजे फार काही नाही. फरशीवर लाकडी वासे आडवे टाकायचे, त्यांवर सागवानी फळ्या ठोकायच्या, की बसायला लाकडाची जमीन तयार. संध्याकाळी तिथं चहाचा कप घेऊन बसलं की मला आपण कुणीतरी मोठे आहोत असं वाटायचं. कुणीतरी म्हणजे कोण, ते मी ठरवलं नव्हतं.

माझा थोरला भाऊ खालच्या मजल्यावर राहतो. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. गच्ची दोघांची, त्यामुळं तिच्यावर मत दोघांचं, आणि दोघांचं मत म्हणजे दादाचं मत. डेक पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यानं एकच विचारलं, "ह्याच्यावर पत्रा कवा?"

पुढं काही पावसाळे गेले. आमच्याकडचा पाऊस ओझरती भेट देऊन जात नाही, मुक्कामाला येतो. फळ्या आधी राखाडी झाल्या, मग काळ्या. काही फळ्यांनी कोपरे वर उचलले, खिळ्यांनी डोकी बाहेर काढली आणि कडेला शेवाळ आलं. एके दिवशी दादा टाकीतलं पाणी बघायला वर आला आणि एका खिळ्यानं त्याच्या नव्या कोल्हापुरी चपलेचा अंगठा उपटला. पायाला काही झालं असतं तर त्यानं माफ केलं असतं. चपलेला झालं होतं.

"बास," तो म्हणाला. "उपटून टाक समदं. पत्रा मारायचा."

मी गयावया केली, नाटकं केली, शेवटी हात जोडून गुडघ्यावर बसलो. तिथंच एक खिळा होता, त्यामुळं लगेच उठलोही. अखेर दादानं अट घातली. दिवाळीनंतरच्या रविवारी त्याच्या सासरची मंडळी कबनूरहून मटणाच्या जेवणाला येणार होती. पंगत डेकवर बसवायची. एक जरी फळी मोडली, एक जरी पावणा पडला, की सोमवारी पत्रेवाला. सगळं धड पार पडलं, तर डेक राहील.

मी उचगावहून सुतार आणला. माणूस कामाचा होता आणि तोंडाचाही. त्यानं फळीच्या फटीत पटाशी घातली, जराशी फिरवली आणि खालच्या वाशाचा तुकडा माझ्या हातात ठेवला. "पावणं, हे लाकूड न्हाई. हे चहात बुडवून खायचं हाय."

"पण वरच्या फळ्या?"

"त्या बऱ्या हायत. तुमच्यापेक्षा बऱ्या हायत."

कुजलेले वासे बदलले. खिळे उपटून त्यांच्या जागी स्टीलचे स्क्रू आले. मग सुतारानं घासायचं मशीन सुरू केलं आणि आमच्या गल्लीनं आपापली कामं सोडली. काळ्या फळीच्या पोटातून सोन्यासारखा सागवान वर येऊ लागला तसा मी टाळ्या वाजवायला लागलो. तिकडं भुसा उडून समोरच्या गच्चीवरच्या चादरींवर बसला. तिथल्या काकू कठड्याशी आल्या.

"काय ओ, माझ्या चादरींस्नी हळद लावलीसा. लगीन कुणाशी ठरवलंय?"

मी म्हटलं, "काकू, आधी डेक तर बघा!"

"बघितला. आता पत्रा मारा वरनं, म्हंजे भुसा यायचा न्हाई."

शेवटी राहिलं तेल. जवसाचं तेल लाकडात मुरलं की पाणी आत शिरत नाही. सुताराला दुसरीकडं कामाला जायचं होतं, म्हणून तो निघताना समजावून सांगू लागला. "ब्रशनं लावायचं. जरा वेळ थांबायचं. लाकूड पिईल तेवढं पिईल. मग फडकं घ्यायचं आणि ऱ्हायल्यालं समदं पुसून काढायचं. ध्यानात ऱ्हाईल न्हवं?"

"राहील की," मी म्हटलं आणि तो गेला.

आम्ही दोघं नवराबायको तेल लावायला बसलो. पहिला हात दिला. लाकूड गटागटा प्यालं. फळ्यांचा रंग असा खुलला की बायकोनं कौतुकानं माझ्याकडं पाहिलं. असं ती क्वचितच पाहते. मग मी पुसायला फडकं उचललं.

"हे काय करताय?" ती म्हणाली.

"पुसायचं म्हणून सांगितलंय."

"तेल पुसायचं? मग लावलं कशाला?"

मलाही पटलं. आमच्या घरात तेल पुसण्याची पद्धतच नाही. मटणाच्या रश्श्यावर बोटभर तवंग आला नाही तर पाहुणे पातेल्यात डोकावून विचारतात, घरात कुणी आजारी आहे का? तवंग काढून टाकणाऱ्या घरात आमच्याकडं मुलगी देत नाहीत. अशा माणसांना तुम्ही म्हणता, तेल लावा आणि पुसून टाका! सुतार कंजूष असणार, असं आम्ही एकमतानं ठरवलं. फडकं ठेवून दिलं आणि वरून आणखी एक हात मारला. थांबलो. डेक रश्श्यासारखा झगमगत होता. बायको म्हणाली, "अजून थोडं ह्या कोपऱ्यात," आणि मी डबा उपडा केला.

रविवारपर्यंत वरचं तेल वाळलं. बोट लावलं तर कोरडं लागायचं. दुधावर साय धरावी तशी ती वरची कातडी होती आणि खाली दूध तसंच होतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. सुतारानं सांगितलं होतं, पण ते आम्ही ऐकलं नव्हतं.

पाहुणे आले. दादाचे सासरे पुढं. त्यांचा जन्म यंत्रमागांच्या खडखडाटात गेला, त्यामुळं ते कानात बोलले तरी ते शेजारच्या गल्लीत कळतं. त्यांनी डेकवर पाऊल ठेवलं आणि गरजले, "आरं वा! जहाज हाय की जहाज!" मी लवून नमस्कार केला. सतरंजी अंथरू का, असं बायकोनं विचारलं तेव्हा मी डोळे वटारले. एवढं लाकूड उजळून काढलं ते झाकायला? शेवटी तडजोड म्हणून एकेका पाहुण्याला एकेक छोटं बस्कर दिलं.

दादा मात्र परीक्षकाच्या भूमिकेत होता. इस्त्रीचा पांढराशुभ्र लेंगा घालून तो पंगतीत वाढायला फिरत होता. वाढणं हे निमित्त. तांबड्या रश्श्याची बादली घेऊन तो मुद्दाम ज्या फळीवर संशय होता तिच्यावर टाच आपटायचा. पांढरा रस्सा आणला तेव्हा एका ठिकाणी त्यानं चक्क छोटी उडी मारली. फळी हलली नाही. स्क्रू आपल्या जागी, वासे आपल्या जागी. माझी छाती फुगत चालली आणि दादाचा चेहरा उतरत.

पाहुण्यांची जेवणं होत आली तेव्हा तो स्वतः बसला. मी बस्कर पुढं केलं.

"नको. मला अंदाज घ्यायचाय." आणि ऐन कोपऱ्यात, जिथं मी डबा उपडा केला होता तिथं, त्यानं धप्पकन सगळं वजन टाकलं. फळी मोडायचा हा त्याचा शेवटचा प्रयत्न होता. फळीनं त्याला झेललं. नुसतं झेललं नाही, धरून ठेवलं. वर कार्तिकातलं ऊन, खाली दादाचं वजन. ती साय फुटली आणि खालचं न वाळलेलं सगळं तेल लेंग्याला भेटायला आलं.

जेवण संपलं. सासरे हात धुऊन उभे राहिले. त्यांचं बस्कर पाय लागला तरी फळीवरनं हललं नाही, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही. "पावणं, उठा की! पान खाऊन येऊ!" अख्ख्या पेठेला ऐकू गेलं.

दादा हलला. मग थांबला. मग परत हलला. कापडाचा एक बारीक टर्र असा आवाज आला आणि तो जागीच गोठला.

"मामा, बसा की अजून. काय गडबड हाय?" तो सासऱ्यांना म्हणाला. मग मला डोळ्यानं बोलावलं. मी वाकून त्याच्या पानात भात वाढायचं सोंग केलं.

"आरं, मी चिकटलोय," तो कुजबुजला.

"काय सांगतोस!"

"लेंगा मागनं फाटाय लागलाय. लुंगी आण जा."

मी भात वाढत राहिलो. "आणतो की. पत्र्याचं काय करायचं?"

"आरं, ही काय येळ हाय?"

"फळी मोडली का?"

"न्हाई."

"कोण पडलं का?"

"मी उठू शकंना, पडतोय कशाचा! आण की लुंगी!"

"मामांच्या समोर सांग. मोठ्यानं."

दादानं माझ्याकडं असं पाहिलं की लहानपणी त्यानं मला पंचगंगेत ढकललं होतं तेव्हाही इतकं वाईट पाहिलं नव्हतं. सासरे जवळ येऊ लागले. "पावणं, काय झालं? पायाला मुंग्या आल्या काय?"

"न्हाई मामा," दादा म्हणाला. "आम्ही ठरवत हुतो. गच्चीवर पत्रा न्हाई मारायचा. हा डेक हितंच ठेवायचा."

"आसं व्हय!" सासऱ्यांनी जिन्याकडं तोंड करून आपल्या लेकीला हाक दिली. "ऐकलंस का गं? पावणं पत्रा न्हाई मारत! डेक ठेवणार हायत!" समोरच्या काकू कठड्याशी आल्या. खालच्या दुकानदारानं मान वर केली. आता हा निकाल कुणी फिरवू शकणार नव्हतं. मी पळत जाऊन लुंगी आणली. त्या लुंगीच्या आडोशानं दादा बाहेर पडला आणि लेंगा डेकवर राहिला, मांडी घालून.

दुसऱ्या दिवशी मी गुडघ्यावर बसून टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्यानं फळी न फळी पुसत होतो. दादा खुर्ची टाकून बसला होता. समोरच्या काकूंनी विचारलं, "काय ओ दादा, खरंच पत्रा न्हाई मारणार?"

"सागवानावर पत्रा मारतंय व्हय कोण?" दादा म्हणाला, आणि पायानं मला कोपरा दाखवला. "तिथं ऱ्हायलंय बघ. नीट पूस. तेल लई झालंय."