बाबांच्या समुद्रातली होडी

बाबा मार्वेच्या जेट्टीवर तासन्‌तास बसत आणि मालाडच्या घरी येऊन समुद्र रंगवत. त्यात जेट्टी नसे, मनोरीची बोट नसे. दिसतं त्याचा फोटो काढावा, रंगवायचं ते आत वाटतं ते, असं त्यांचं म्हणणं. शेवटच्या चित्रात वांगी रंगाचं पाणी पार वरपर्यंत चढलं होतं, आकाशाला जेमतेम बोटभर पट्टी, आणि मधेच कावीळ झाल्यासारखा पिवळा उजेड. सगळा रंग तळहाताने फासलेला. समोर उभं राहिलं की कळायचं, ह्या पाण्याला आपली काही पडलेली नाही. त्यांचं सगळ्यांत खरं चित्र ते. ते झालं आणि बाबांना लकवा मारला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली.

आई त्या चित्राला सुतक म्हणायची. नव्या टॉवरमधल्या फ्लॅटची वास्तुशांत ठरली तेव्हा तिने दहिसरहून गणपती मंडळांचे पडदे रंगवणारा पेंटर बोलावला. पूजेच्या सकाळी मी मुलुंडहून पोचले, तर बाबांच्या त्या चित्रातला समुद्र निळाशार झालेला, वर केशरी सूर्य, आणि पेंटर होडीचं शीड रंगवतोय. बाबांची व्हीलचेअर आईने मुद्दाम समोर आणून ठेवली होती.

"आई, काय चाललंय हे? बाबांना विचारलंस?"

पेंटर ओशाळला. "मी पण तेच बोललो ताई. मॅडम बोलल्या, करा बिनधास्त."

"मला कधी विचारलं होतं ह्यांनी?" आई म्हणाली. "लग्न झाल्यापासून माझ्या भिंतीवर असलंच लावलंय. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी ह्याच्यासमोर बसायचे. आता बसू दे त्यांना."

ती खोटं बोलत नव्हती, म्हणूनच माझ्या अंगाची लाही लाही झाली. बाबा डाव्या हाताने खुर्चीचा दांडा आपटत होते, घशातून आवाज काढत होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बघा, किती खूश झालेत!" मी पेंटरच्या हातातला ब्रश हिसकावून घेतला, पण पुसून खालचा समुद्र थोडाच वर येणार होता?

आईने शांतपणे माझ्याकडून ब्रश काढून घेतला.

"अहो, सही राहिली ना."

चित्र पुरतं मनासारखं झाल्याशिवाय बाबा सही करत नसत. डावा हात झटकतील म्हणून तिने त्यांचा लुळा उजवा हात उचलला, बोटांत ब्रश अडकवला, वरून आपली मूठ आवळली आणि कोपऱ्यात सही करवली. हुबेहूब त्यांची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी दांडा आपटणं थांबवलं. आईने त्यांची बोटं स्वच्छ पुसली आणि भटजींना म्हणाली, "चला, सुरू करा."

अजून ते चित्र हॉलमध्ये आहे. कोणी आलं की आई कौतुकाने सांगते, हे ह्यांचं शेवटचं काम. बाबा तिथेच बसलेले असतात.